जुन्या स्विफ्टचा आवाज: आधी दार, मग डेक

गाडीची जुनी म्युझिक सिस्टीम बदलायची म्हटलं की दुकानदार आणि गिऱ्हाईक, दोघांचंही लक्ष आधी डेककडे, म्हणजे डॅशबोर्डमधल्या प्लेअरच्या टचस्क्रीनवर जातं. नऊ इंची पडदा, रिव्हर्स कॅमेरा आणि सोबत चार स्पीकर 'फ्री'. चार दिवस नवलाई टिकते, मग लक्षात येतं की आवाज अजूनही पत्र्याच्या डब्यातूनच येतोय. कारण तो खरंच पत्र्याच्या डब्यातून येत असतो. दाराचं काही केलेलं नसतं.

इथे लिहिलेलं काम पहिल्या पिढीच्या, म्हणजे २००५ ते २०११ मध्ये विकल्या गेलेल्या मारुती स्विफ्टवर केलेलं आहे. गाडी २००८ ची, पेट्रोल. कंपनीचा सीडी प्लेअर आणि चार दारांत चार स्पीकर. वॅगन आर, सँट्रो, इंडिका, कुठलीही त्या काळातली गाडी घ्या, क्लिपांच्या जागा आणि स्पीकरची मापं बदलतील, कामाचा क्रम तोच राहील.

खर्च करण्याआधी जुनं काय हालतीत आहे ते पाहावं. इंजिन बंद करून काही तास झाल्यावर बॅटरीवर १२.४ व्होल्टच्या खाली आकडा दिसला तर आधी बॅटरी. इंजिन चालू, एसी चालू, हेडलाइट चालू, तरी आयडलला साडेतेराच्या आसपास मिळायला हवेत. तेराच्या खाली घसरत असेल तर अल्टरनेटर किंवा पट्टा बघून घ्या, अ‍ॅम्प्लिफायरचं नाव तोवर काढू नका. या जागी एक फॅरडचा कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग) विकायची पद्धत आहे. १४.४ पासून १२ व्होल्टपर्यंत उतरताना तो जेमतेम ३२ ज्यूल ऊर्जा देतो, म्हणजे तीनशे वॅटच्या मागणीला सेकंदाचा दहावा भाग. मग अल्टरनेटरवर आणखी एक तोंड खायला बसतं. तो पैसा चांगल्या तांब्याच्या वायरीत घालावा.

स्पीकर तपासायला मल्टिमीटर पुरतो. चार ओहमचा स्पीकर मीटरवर ३.२ ते ३.८ दाखवतो. अजिबात आकडा नाही म्हणजे कॉइल जळली किंवा वायर तुटली. आकडा बरोबर असूनही आवाज फाटत असेल, तर दोन्ही हातांची बोटं कोनच्या (स्पीकरच्या पुढच्या शंकूच्या) कडेला सारखी ठेवून हलकेच आत दाबा. खरखर लागली तर कॉइल घासतेय. कंपनीचा कागदी कोन दमट हवेत वर्षानुवर्षं राहून लिबलिबीत झालेला असतो, त्यात वेगळा ट्वीटरही (वरचा, बारीक आवाज काढणारा छोटा स्पीकर) नसतो. म्हणून वरचा आवाज मळमळीत येतो आणि लोक ट्रेबल वाढवत बसतात.

डोअर पॅड उतरवताना घाई नको. आतल्या हँडलच्या वाटीतला आणि हात ओढायच्या खोबणीतला स्क्रू आधी शोधायचा, त्यावर बहुतेक वेळा प्लास्टिकचं छोटं झाकण असतं. हातानं फिरवायची काच असेल तर हँडलच्या मागे तारेची क्लिप असते. हँडल आणि पॅड यांच्या फटीत फडकं घालून ते दोन्ही टोकांनी पुढेमागे ओढलं की क्लिप टपकन बाहेर उडते. ती हरवू नये म्हणून मांडीवर टॉवेल टाका. मग पॅड खालच्या कडेपासून प्लास्टिकच्या पान्यानं सुटं करायचं आणि शेवटी वर उचलून काचेच्या पट्टीतून काढायचं. स्क्रू ड्रायव्हरनं उचकलं तर पॅडची कड कायमची दबते. जुन्या क्लिपा वाळून कडक झालेल्या असतात, प्रत्येक दाराला दोनतीन तुटणारच. पुण्यात नाना पेठेत किंवा कुठल्याही स्पेअर पार्टवाल्याकडे डझनावर मिळतात, आधीच आणून ठेवाव्यात. तुटक्या क्लिपांवर पॅड परत बसवलं तर नवा स्पीकर लागल्यावर तेच पहिलं खुळखुळतं.

पॅडच्या मागे प्लास्टिकचा कागद दिसतो, काळ्या चिकट पट्ट्यानं चिकटवलेला. बहुतेक फिटर तो टराटरा फाडतात. तो कागद तिथे फुकट लावलेला नाही. काचेवरून ओघळणारं पावसाचं पाणी दाराच्या आत उतरतं आणि तळातल्या भोकांतून बाहेर जातं. ते पाणी पॅडकडे आणि तिथून गाडीच्या कार्पेटकडे येऊ नये, हे त्या कागदाचं काम. म्हणून तो ब्लेडनं काळा पट्टा कापत कापत सोडवायचा आणि जपून ठेवायचा.

आत टॉर्च मारा. सतरा-अठरा पावसाळे काढलेल्या दाराच्या तळाशी बारीक मातीचा थर बसलेला असतो, त्यात सुकलेली पानं, कधी काचेच्या जुन्या पट्टीचे रबराचे तुकडे. पाणी जायची भोकं याच गाळानं बुजतात. जाड तार घालून ती मोकळी करायची, वरून तांब्याभर पाणी ओतून खालून धार येते का बघायची, मग दार पूर्ण वाळू द्यायचं. काच वरखाली करणारी यंत्रणा अडखळत असेल तर ती याच वेळी बदलून घ्यावी. दार एकदा बंद केल्यावर पुन्हा उघडणं महागात पडतं.

आता मुख्य काम. स्पीकरचा कोन पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे तेवढीच हवा ओढतो. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं असतील तर मागची हवा त्यातून पुढे येऊन पुढच्या हवेला मारते, आणि बेस जागच्या जागी विरतो. महागडा स्पीकर आणला तरी हे गणित सुटत नाही. कामं दोन आहेत: बाहेरच्या पत्र्याचं थरथरणं थांबवणं आणि आतल्या पत्र्याची भोकं बुजवणं.

बाहेरच्या पत्र्याला अ‍ॅल्युमिनियमचं आवरण असलेली दोन मिलिमीटरची ब्युटाइल शीट. आधी धूळ पुसून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पत्रा स्वच्छ करायचा, नाहीतर शीट वर्षभरात सोलून खाली पडते आणि नेमकी पाण्याच्या भोकावर बसते. पूर्ण पत्रा झाकायची गरज नाही. मधल्या सपाट भागाचा तिसरा हिस्सा झाकला तरी बोटानं टकटक केल्यावर 'टण्ण' ऐवजी 'ठप्प' येतं. शीट चौरस मीटरला अडीच-तीन किलो भरते, जुन्या दाराच्या बिजागऱ्यांवर उगाच ओझं टाकू नये. रोलर असा फिरवायचा की फॉइलवरचे उठलेले ठसे सपाट व्हावेत. ठसे दिसताहेत तोवर शीट चिकटलेली नाही असं समजा. स्वस्तात मिळणारी डांबरी शीट, किंवा गच्चीच्या गळतीला लावायची पट्टी, दारात नको. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ती मऊ पडते, घसरते आणि केबिनभर डांबराचा वास सुटतो.

आतल्या पत्र्याची मोठी भोकं नुसत्या शीटनं झाकली तर ती शीट बेसबरोबर पडद्यासारखी हलते. तिथे दोनतीन मिलिमीटर जाडीची एबीएस किंवा अ‍ॅल्युमिनियमची पट्टी कापून, कडेला फोम टेप लावून स्क्रूनं बसवावी. स्क्रूच लावायचे, कारण जुन्या गाडीत काचेची मोटर आज ना उद्या दुरुस्ती मागेल. स्क्रूची टोकं आत काचेच्या वाटेत येत नाहीत हे काच पूर्ण खाली घेऊन पाहायचं. लॉकच्या सळया आणि सुट्या वायरींना फोम किंवा कापडी टेप गुंडाळली की खुळखुळ निम्मी कमी होते. मग कंपनीचा तो कागद परत लावायचा आणि त्याची खालची कड पत्र्याच्या फटीत आत खोचायची, म्हणजे त्यावर जमलेलं पाणी दाराच्या आतच ठिबकेल.

पुढच्या दारात साडेसहा इंची स्पीकर बसतो. अडचण येते ती खोलीची. नवीन स्पीकरचा चुंबक कंपनीच्या स्पीकरपेक्षा जाड असतो आणि काच खाली आली की त्यावर आदळू शकते. चुंबकाच्या पाठीवर प्लॅस्टिसिनचा गोळा लावून स्पीकर हातानं जागेवर धरायचा, काच सावकाश शेवटपर्यंत खाली घ्यायची, मग गोळा किती दबला ते पाहायचं. पाच मिलिमीटरपेक्षा कमी राहत असेल तर जेवढं कमी पडतंय तेवढ्या जाडीची रिंग लागेल. बाजारात एमडीएफच्या रिंगा सर्रास मिळतात. कोकणात किंवा मुंबईत त्या दोन पावसाळ्यांत भिजलेल्या पावासारख्या फुगतात आणि स्क्रू सैल पडतात. प्लास्टिकची रिंग घ्यावी. एमडीएफच लावायची असेल तर सगळ्या बाजूंनी, स्क्रूच्या भोकांच्या आतूनसुद्धा, रेझिन किंवा ऑइल पेंटचे दोन हात द्यावेत. रिंग आणि पत्रा यांच्यामध्ये फोमची गॅस्केट, स्पीकरच्या पुढच्या कडेला आणखी एक जाडी पट्टी. ती पॅडच्या जाळीमागे दाबून बसते आणि आवाज पॅडच्या पोकळीत न शिरता केबिनमध्ये येतो. दहा-वीस रुपयांच्या या पट्टीचा फरक कानाला लगेच कळतो.

पुढे कोअ‍ॅक्सियल (ट्वीटर मोठ्या स्पीकरच्या मध्येच) घ्यायचे की कंपोनंट (ट्वीटर वेगळा), या वादात आमचं मत कंपोनंटच्या बाजूनं आहे. स्विफ्टचा स्पीकर दाराच्या तळाशी, पोटरीच्या उंचीला आहे. तिथला ट्वीटर गुडघ्यांना गाणं ऐकवतो. वेगळा ट्वीटर आरशामागच्या त्रिकोणी पट्टीवर बसवला की गायक डॅशबोर्डवर येऊन उभा राहतो. तोंड थेट कानाकडे नको, दोन्ही सीटच्या हेडरेस्टच्या मधल्या जागेकडे असावं. क्रॉसओव्हरवर (ट्वीटर आणि मोठा स्पीकर यांच्यात आवाज वाटणाऱ्या डबीवर) ट्वीटरची पातळी कमी करायची पिन असेल तर उणे तीन डेसिबलवर ठेवून सुरुवात करा. काचा जवळ आहेत, आवाज परतून येतो आणि कर्कश वाटतो. काही स्वस्त सेटमध्ये क्रॉसओव्हरच्या नावाखाली वायरीत ४.७ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर असतो. चार ओहमला तो सुमारे साडेआठ हजार हर्ट्झच्या वरचंच सोडतो, खालचा मोठा स्पीकर तिथपर्यंत नीट पोचत नाही, आणि मध्ये आवाजात खड्डा पडतो. क्रॉसओव्हरची डबी दारात ठेवू नका. डॅशबोर्डखाली कोरड्या जागी बांधा.

दाराची जुनी स्पीकर वायर बदलायची का? चॅनलला पन्नास वॅटपर्यंत गरज नाही. अर्धा चौरस मिलिमीटरच्या चार मीटर वायरीत, जाऊन-येऊन, पाव ओहमच्या आसपास रोध भरतो. अर्ध्या डेसिबलच्या आसपास घट, ती कानाला जाणवत नाही. क्रॉसओव्हरची डबी आत ठेवल्यामुळे एक जादा वायर दारात न्यावी लागेल. ती दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीतूनच न्या. जुनं रबर तडकतं, म्हणून आधी सिलिकॉन स्प्रे मारून, कडक तारेच्या टोकाला वायर बांधून ओढायची. पत्र्याला भोक पाडून परस्पर नेलेली वायर दार उघडझाक करताना सोलली जाते आणि एक दिवस शॉर्ट होते.

मागच्या दारांना आम्ही हात लावला नाही. मागचे स्पीकर डेकलाच जोडलेले ठेवून फेडरनं (पुढे-मागे आवाज वाटणाऱ्या सेटिंगनं) आवाज कमी केला. मागे बसणाऱ्यांची सोय होते, पुढचं चित्र बिघडत नाही. मागच्या ट्रेवर सहा-बाय-नऊचे ओव्हल लावायचा मोह टाळावा: पुठ्ठ्यासारखा ट्रे स्वतःच वाजतो, आणि जोरात ब्रेक लागला तर तीन-चार किलोचा ऐवज डोक्याच्या दिशेनं येतो.

आता डेक. डिन म्हणजे डेकच्या मापाचं मानक: सिंगल डिनची खाच १८० बाय ५० मिलिमीटर, डबल डिनची १८० बाय १००. स्विफ्टचा कंपनीचा प्लेअर गाडीच्याच आकाराचा असल्यामुळे डबल डिनसाठी वेगळी फ्रेम घ्यावी लागते. पडदा किती इंची हे नंतर बघा. आधी बघा प्री-आउट, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरकडे सिग्नल नेणाऱ्या जोडण्या, किती व्होल्टचे आहेत (चार मिळाले तर उत्तम, दोन चालतील), हाय-पास फिल्टर (खालचा बेस अडवणारा) आणि टाइम अलाइनमेंट (दोन्ही बाजूंचा आवाज कानाशी एकाच वेळी पोचवायची सोय) आहे का. खोक्यावरच्या '५० वॅट × ४' ला फसू नका. १४.४ व्होल्टवर चार ओहमला, कसलीही गळती नसली तरी, २६ वॅटच्या वर स्वच्छ आवाज निघूच शकत नाही. प्रत्यक्षात अठरा-वीस मिळतात. जपानहून आलेले वापरलेले सेट स्वस्तात दिसतात, पण त्यांचा एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्झचा, नव्यांचा ९५ पर्यंत. आपल्याकडे स्टेशनं १०८ पर्यंत पसरलेली आहेत.

वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह सोडा. गाडीचं कपलर कापायचं नाही, त्याला जुळणारं तयार हार्नेस मिळतं. डेकच्या बाजूचे रंग ठरलेले आहेत: पिवळी कायमचे १२ व्होल्ट, लाल चावी फिरवल्यावर, काळी अर्थ, निळी अँटेनाला, निळी-पांढरी अ‍ॅम्प्लिफायर चालू करायला. पांढरी पुढची डावी, करडी पुढची उजवी, हिरवी मागची डावी, जांभळी मागची उजवी, आणि काळी रेघ असलेली ती निगेटिव्ह. गाडीच्या बाजूचे रंग मात्र कंपनीगणिक वेगळे, तिथे मीटरवरच विश्वास ठेवा. पिवळी-लाल उलटसुलट झाल्या तर गाडी बंद केली की सेटिंग पुसलं जातं. दोन्ही कायमच्या लाइनवर गेल्या तर सकाळी बॅटरी बसलेली सापडते. स्पीकरची निगेटिव्ह बॉडीला लावायची जुनी सवय काहींना असते. आजच्या डेकमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारांवर व्होल्टेज असतं, त्यातली एक अर्थ केली की आतली आयसी जाते. निळी वायर लोंबकळत ठेवली आणि अँटेनाच्या बुडात बूस्टर असेल, तर एफएम गावाबाहेर पडताच खरखरतो. जोड पिळून टेप मारू नका. क्रिंप किंवा सोल्डर, त्यावर हीट श्रिंक. टेपचा गोंद उन्हाळ्यात ओघळतो.

स्पीकरची पोलॅरिटी दीड व्होल्टच्या सेलनं तपासता येते. क्षणभर टेकवल्यावर कोन बाहेर आला की सेलचा प्लस जिथे आहे ती पॉझिटिव्ह. मात्र ट्वीटरला सेल लावायचा नाही. एका दाराची पोलॅरिटी उलटी असली तर दोन्ही दारं वाजतात, बेस मात्र गायब. बॅलन्स एका बाजूला फिरवल्यावर बेस वाढला तर हेच झालंय समजा.

अ‍ॅम्प्लिफायर चार चॅनलचा, प्रत्येक चॅनलला ५० वॅट आरएमएस (सतत देता येणारी ताकद). दोन चॅनल पुढच्या कंपोनंटला, उरलेले दोन ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, डिकीतल्या दहा इंची, चार ओहमच्या सबला (फक्त खालचा बेस वाजवणाऱ्या सबवूफरला), १५० वॅट. सबची पेटी अठरा ते वीस लिटरची बंदिस्त, १८ मिलिमीटर एमडीएफची. या सगळ्याला मिळून क्लास एबी अ‍ॅम्प पूर्ण ताकदीवर ३३ अँपिअरच्या आसपास ओढतो, क्लास डी २३ च्या. त्यासाठी ८ गेजची, म्हणजे सुमारे ८.४ चौरस मिलिमीटरची वायर आणि ४० अँपिअरचा फ्यूज. वायर शुद्ध तांब्याची हवी. एक तंतू ब्लेडनं खरवडा, आत चंदेरी निघालं तर तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत मीटरवर वायर घेताना दुकानातच खरवडून बघावं.

फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत. अ‍ॅम्पजवळचा फ्यूज अ‍ॅम्प वाचवतो, बॅटरीजवळचा गाडी. इंजिनच्या भिंतीतून वायर नेताना रबरी ग्रोमेट हवाच, उघड्या पत्र्याच्या कडेवर इन्शुलेशन घासून गाडी पेटते. अर्थसाठी सीटच्या बोल्टजवळचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) दाताच्या वॉशरसह आवळा, वरून ग्रीस लावा. वायर तेवढ्याच गेजची आणि शक्य तितकी आखूड. पॉवरची वायर एका बाजूनं, आरसीए (सिग्नलची केबल) दुसऱ्या बाजूनं. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी कुईंऽऽ ऐकू आली तर दहातल्या आठ वेळा अर्थ कच्चा असतो. त्यासाठी नॉइज फिल्टर विकत घेणं म्हणजे ताप उतरवायचा सोडून थर्मामीटर झाकणं.

अ‍ॅम्प पुढच्या डाव्या सीटखाली बसतो. आधी तिथलं कार्पेट हातानं चाचपा. एसीची पाणी जायची नळी तुंबली की जुन्या गाडीत पाणी डाव्या पायाशी उतरतं, आणि ते दिसत नाही, नुसता कुबट वास येतो. नळी साफ करून घ्या, आणि तरीही अ‍ॅम्प प्लास्टिकच्या ठोकळ्यांवर सेंटिमीटरभर उचलून बसवा.

गेन, म्हणजे अ‍ॅम्पची पातळी डेकच्या सिग्नलशी जुळवणारी कळ, हा व्हॉल्यूम नव्हे, आणि तो अंदाजानं फिरवायचा नाही. स्पीकरच्या तारा सोडा, इक्वलायझर सपाट, लाउडनेस बंद, फिल्टर बंद. डेकचा आवाज तीन चतुर्थांशावर ठेवून ५० हर्ट्झचा, शून्य डेसिबलचा टोन वाजवा. एक हजार हर्ट्झचा टोन वापरायला सांगतात, पण स्वस्त मल्टिमीटर एसी व्होल्ट घरच्या विजेच्या फ्रिक्वेन्सीलाच नीट मोजतो. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ: पुढच्या चॅनलला ५० गुणिले ४, म्हणजे १४.१ व्होल्ट येईपर्यंत गेन फिरवा. ब्रिज केलेल्याला १५० गुणिले ४, म्हणजे २४.५. नंतर तारा जोडा, पुढच्यांना ८० हर्ट्झचा हाय-पास, सबला ८० चा लो-पास. दारांवरून खालचा बेस उतरवला की त्यांचा मधला आवाज एकदम मोकळा होतो.

टाइम अलाइनमेंटला टेप लागते. आपल्याकडे चालक उजवीकडे, म्हणून उजवा स्पीकर जवळ. कानापासून उजवा ९० आणि डावा १४० सेंटिमीटर भरला तर फरक ५० चा. आवाज मिलिसेकंदाला ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे उजव्याला दीड मिलिसेकंद उशीर द्यायचा. इक्वलायझरमध्ये वाढवण्यापेक्षा कापा. दारात शंभर ते दोनशे हर्ट्झला घुमतं, काचांमुळे दोन ते चार हजारांत टोचतं. तिथले दोनतीन डेसिबल कमी केले की बेस आणि ट्रेबल वाढवायची इच्छा आपोआप कमी होते. आणि तीन डेसिबल वाढवणं म्हणजे अ‍ॅम्पकडून दुप्पट वॅट मागणं.

शेवटची मापं गाडी बंद करून. चावी काढा, दारं लॉक करा, अर्धा तास जाऊ द्या आणि बॅटरीची निगेटिव्ह सोडून मध्ये मीटर दहा अँपिअरच्या रेंजवर लावा. निगेटिव्ह सोडल्या-जोडल्यावर गाडीतले काही भाग पुन्हा जागे होतात, तेव्हा आकडा स्थिरावेपर्यंत थांबा. ५० मिलिअँपिअरच्या आत आला तर ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, पहिला संशय निळ्या-पांढऱ्या वायरीवर घ्या: अ‍ॅम्प चालू करणारी तार तिच्याऐवजी पिवळीवर गेली असेल तर अ‍ॅम्प रात्रभर जागाच राहतो. पहिला मोठा पाऊस पडून गेला की पुढच्या दोन्ही दारांखालची कड हातानं चाचपा. ओली असावी. कोरडी असेल आणि आतलं कार्पेट ओलं, तर कागदाची खालची कड फटीतून बाहेर आली आहे, पॅड पुन्हा काढा.